'आय हॅव ट्वेंटी इयर्स'

स्पॅनिश माणूस इंग्रजी शिकायला लागला की वय सांगतानाच अडकतो. त्यांच्याकडे वय जवळ बाळगायची गोष्ट आहे! 'तेंगो वेइंते आन्योस', म्हणजे शब्दशः 'माझ्याकडे वीस वर्षं आहेत'. मग इंग्रजीतही 'आय हॅव ट्वेंटी इयर्स' होतं. भूक, तहान, थंडीचंही तेच. आपल्याला भूक 'लागते', तेव्हा हसायचं कारण नाही.

दुसरी गोची कर्त्याची. 'आब्लो' म्हटलं की 'मी बोलतो' हे क्रियापदातूनच कळतं, आपल्या 'येतो हं' सारखं. म्हणून 'इट इज रेनिंग'मधला 'इट' हमखास गळतो. पाऊस पाडणारा हा 'इट' नेमका कोण, हे खरं तर इंग्रजांनीच सांगावं.

प्रश्नातल्या 'डू-डज'शी तर त्यांची ओळखच नाही. अनेकदा वाक्य तेच राहतं, फक्त सूर बदलतो. वाचणाऱ्याला आधीच कळावं म्हणून सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह देतात. स्पेनच्या रॉयल अकादमीने 1754 साली ते नियमात आणलं.

'स्कूल'चं 'एस्कूल' होतं, कारण स्पॅनिश शब्द 'स'ला जोडलेल्या व्यंजनाने सुरूच होत नाही. आपल्याकडेही 'इस्कूल' म्हणणारे आहेतच की!

सगळ्यात धोक्याचे सारखे दिसणारे शब्द. स्पेनमध्ये 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला. तोच माणूस लंडनच्या औषधाच्या दुकानात 'आय अ‍ॅम कॉन्स्टिपेटेड' म्हणाला, तर हातात जुलाबाचं औषध पडेल. तिथे 'आय हॅव अ कोल्ड' म्हणायचं. सर्दी मात्र इंग्रजीतही 'हॅव'च असते.