जुन्या पिकअपचं मॅनिफोल्ड पॅकिंग वेळीच बदला

शेतकरी बंधूंनो, सकाळी जुनी पिकअप सुरू करताच इंजिनाजवळ ‘टिक-टिक’ ऐकू येते आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळी दिसते? तर पॅकिंग गेलं समजा. चालढकल करू नका. हा धूर केबिनमध्ये शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, पण तो जीव घेऊ शकतो.

आदल्या संध्याकाळी, इंजिन थंड झाल्यावर, नटांवर गंज सोडवणारं तेल सोडा. घाईनं जोर लावाल तर स्टड हेडातच तुटेल. सकाळी मॅनिफोल्ड उतरवा, जुनं पॅकिंग खरवडा. तडा दिसला तर मॅनिफोल्डच बदला. नवं पॅकिंग घालून नट मधून कडांकडे, 2-3 फेऱ्यांत आवळा. गाडी तापून थंड झाली की पुन्हा तपासा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका.