एआय आणण्याआधी सरकारची परवानगी? पंधरा दिवसांत बदललेल्या आदेशातून काय समजतं

१ मार्च २०२४ रोजी केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एक सूचनापत्र काढलं. चाचणी सुरू असलेलं किंवा पुरेसं भरवशाचं नसलेलं एआय मॉडेल भारतातल्या लोकांसाठी खुलं करायचं असेल, तर आधी सरकारची स्पष्ट परवानगी घ्या, असं त्यात म्हटलं होतं. स्टार्टअपवाल्यांनी लगेच ओरड केली. हा नियम मोठ्या प्लॅटफॉर्मसाठी आहे, स्टार्टअपसाठी नाही, असा खुलासा तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांना तीनच दिवसांत करावा लागला. १५ मार्चला नवं पत्र आलं आणि परवानगीची अटच गेली.

गंमत म्हणजे याच काळात, ७ मार्चला, मंत्रिमंडळाने १० हजार कोटींहून अधिक खर्चाच्या 'इंडिया एआय मिशन'ला मंजुरी दिली होती. एकाच आठवड्यात सरकार एआयला परवाना विचारत होतं आणि त्याच्यासाठी तिजोरीही उघडत होतं.

सरकार इतकं का धास्तावलं होतं?

कारणं खरी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ देशभर फिरला. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय, असा डीपफेक आला. त्यानंतर फेब्रुवारीत गुगलच्या जेमिनीने पंतप्रधानांविषयी दिलेल्या उत्तरावरून वाद झाला. तिकडे हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये वरिष्ठांना पाहिलं, ऐकलं आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. मीटिंगमधले वरिष्ठ बनावट होते.

मग परवानगीची अट टिकली का नाही?

'चाचणी सुरू असलेलं मॉडेल' म्हणजे नेमकं काय, इथेच घोडं अडलं. एआय मॉडेल सतत बदलत असतं, त्यामुळे चाचणी कधीच संपत नाही. दुसरं म्हणजे, परवानगी देणाऱ्याला तपासणी करता यायला हवी. 'एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट'ची घोषणाच मुळी जानेवारी २०२५ मध्ये झाली. तपासायची यंत्रणा नसताना दिलेला परवाना म्हणजे नुसता शिक्का.

शिवाय असा शिक्का कुणाला परवडतो? बड्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. पुण्यातल्या पाच जणांच्या कंपनीला फाइल हलेपर्यंत पगार देणंही जड जातं. आणि फसवणूक करणारा तर अर्ज करायला येतच नाही. तो इंटरनेटवरून मोफत मॉडेल उतरवून घेतो.

बाकीचे देश काय करतायत?

तिथेही ओढाताण आहेच. युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. पण त्यातल्या कडक तरतुदी पुढे ढकलण्याचा प्रस्ताव खुद्द युरोपीय आयोगानेच नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी २०२४ मध्ये एक कडक विधेयक परत पाठवलं, आणि वर्षभराने सौम्य कायद्यावर सही केली: मोठ्या कंपन्यांनी सुरक्षेची योजना जाहीर करायची आणि गंभीर घटना घडली तर सरकारला कळवायची.

भारत आता कुठे आहे?

नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सरकारने तूर्त वेगळा एआय कायदा नको, अशी भूमिका घेतली. डीपफेकबाबत मात्र हात आवळला. एआयने बनवलेल्या मजकुरावर ठळक लेबल हवं आणि आदेश आल्यावर तो ३ तासांत हटवावा, असे नियम फेब्रुवारी २०२६ मध्ये आले. आधी ही मुदत ३६ तासांची होती. पीडितेच्या दृष्टीने ३ तासही खूप आहेत. पण एवढ्या घाईत कंपनी आधी काढून टाकेल आणि मग विचार करेल, त्यात एखादं साधं राजकीय व्यंगही उडेल, ही भीती अगदीच पोकळ नाही.

कमी चर्चा झालेला, पण जास्त कामाचा नियम जुनाच आहे. सायबर हल्ल्याची माहिती ६ तासांत 'सर्ट-इन'ला द्या, असं २०२२ पासून बंधन आहे आणि त्या यादीत एआय यंत्रणांवरचे हल्लेही येतात. इथे नवं काही आणण्याआधी कुणाला विचारावं लागत नाही. बिघडलं तर लपवायचं नाही, एवढंच. तयारी अशाच माहितीतून होते. कोणत्या बँकेला कसा गंडा घातला गेला हेच ठाऊक नसेल तर पुढच्या बँकेला सावध कोण करणार?

नव्या मार्गदर्शक तत्त्वांत एआयमुळे घडलेल्या दुर्घटनांची राष्ट्रीय नोंद ठेवण्याची शिफारस आहे. ती कामाची ठरेल की नाही हे एका गोष्टीवर अवलंबून राहील: प्रामाणिकपणे कळवणाऱ्यालाच आधी नोटीस गेली, तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

ओळखीच्या आवाजात फोन करून तुमच्याकडून कुणी पैसे उकळले असतील, तर नोंद करण्याची जागा आजही आहे. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.