पांढरी एकवरून निघालेली वरात

लग्नसराईत सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांतून वरात निघाली की नवरदेवाच्या घोड्याआधी दिसतो तो बँडचा गाडा. लोखंडी चौकट, वर फिरते दिवे, चहूबाजूंना भोंगे आणि स्पीकर, मागे धूर सोडणारा जनरेटर. चौकटीच्या आत विशी-बाविशीतला एक पोरगा उभा असतो आणि त्याच्यापुढे कीबोर्ड. कंपनी रोलँड असो, यामाहा असो की कोर्ग, वरातीतले लोक त्याला कॅसिओच म्हणतात. शेजारी ऑक्टोपॅडवाला, पलीकडे बेंजोवाला, हातात माइक घेतलेला गायक. गाड्याच्या पुढे लाल कोट घातलेले दोन ट्रम्पेटवाले चालतात, पण त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही. नाचणारे नाचतात ते कॅसिओवर.

तीस-चाळीस वर्षांपूर्वी हे उलटं होतं. तेव्हा बँड म्हणजे पितळ: मेरठला घडवलेले ट्रम्पेट आणि युफोनियम, त्यांच्या जोडीला क्लॅरोनेट, ढोल आणि पुढे चालणारे बँडमास्तर. गोऱ्यांच्या पलटणीतून उतरलेलं हे वाद्यवृंदाचं रूप आपल्या वरातींनी केव्हाच आपलंसं केलं होतं. त्यात दहा-पंधरा माणसं लागत आणि क्लॅरोनेटवर गाणं बोलतं करायला वर्षं जात. ओठ तयार व्हावे लागत, छातीत दम लागे. आज तेच गाणं एका पोराच्या दोन हातांवर चालतं. जुने वाजवणारे याला ऱ्हास म्हणतात आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण इतिहासाकडे पाहिलं तर ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

कारण असंच काहीसं इंग्लंडातल्या शेफिल्डमध्येही घडलं. तेही कारखान्यांचं गाव, पोलादाचं. १९७६-७७ मध्ये पंकची लाट आली आणि तिने पोरांना सांगितलं की तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा, उस्तादी गेली खड्ड्यात. शेफिल्डच्या मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श यांनी हे आणखी पुढे नेलं: तीन कॉर्ड तरी कशाला, एक बोट पुरे. दोघे संगणक चालवण्याची नोकरी करत. गिटार बाजूला ठेवून त्यांनी कोर्ग आणि रोलँडचे सिंथेसायझर घेतले, इस्पितळात हमाली करणाऱ्या फिल ओकीला गायला उभं केलं आणि ‘ह्यूमन लीग’ उभी राहिली. १९७८ मध्ये पहिली तबकडी आली. १९८० मध्ये भांडण होऊन वेअर आणि मार्श बाहेर पडले. ओकीने एका नाइटक्लबात नाचताना दिसलेल्या दोन शाळकरी मुलींना बँडमध्ये घेतलं, आणि १९८१ च्या ‘डेअर’ या अल्बमने त्यांना ब्रिटनच्या शिखरावर बसवलं. ‘अल्ट्राव्हॉक्स’ हा बँडही त्याच सुमारास सिंथेसायझरच्या गाण्यांवर नावारूपाला आला.

शेफिल्डच्या संगीताची चर्चा निघाली की कारखान्यांतल्या घणांचा ठोका या मुलांच्या कानात बसला होता, असं हमखास सांगितलं जातं. त्याच चालीवर सुरतच्या यंत्रमागांचा खटखटाट आणि इथल्या वरातीतला ठेका यांचं नातं जोडायचा मोह कोणालाही होईल. माझा यावर विश्वास नाही. बारा तास मागांपुढे उभा राहिलेला माणूस संगीतकार होण्याआधी बहिरा होतो. खरं कारण साधं आहे. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी हे यंत्र नोकरदाराच्या हप्त्यात बसेल एवढं स्वस्त केलं आणि ते न शिकलेल्यांच्या हाती पडलं.

आपल्याकडे मात्र ते आधी सर्वांत शिकलेल्यांच्या हाती आलं. सुरतेहून चार तासांवर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला. पाठीशी साराभाई कुटुंब होतं. त्यातल्या गीता साराभाई पखवाज शिकलेल्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केजला भारतीय संगीत शिकवून त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून आलेल्या. त्यांनी आणि अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे जे ध्वनिमुद्रण केलं, ते तीन-चार वर्षांत थांबलं आणि फिती कपाटात गेल्या. लंडनच्या पॉल पुरगस यांनी त्या हुडकल्या आणि २०२३ मध्ये त्या जगापुढे आल्या. मुंबईत केरसी लॉर्ड यांनी मूग हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत आणला. वादक अव्वल, पण यंत्राचं काम पार्श्वसंगीतात थरार भरण्यापुरतं.

आणि मग चरणजित सिंग. मुंबईच्या स्टुडिओतले हे बास गिटारवादक, राहुल देव बर्मन यांच्यासह अनेकांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे. त्यांनी रोलँडची तीन यंत्रं मिळवली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ताल देणारं यंत्र आणि टीबी-३०३ ही छोटी चंदेरी पेटी. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची तबकडी काढली, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरव, ललित, तोडी, मेघ मल्हार, यमन, मालकंस, सगळे त्यात. टीबी-३०३ बनवली होती एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून, आणि त्या कामात ती इतकी नापास झाली की १९८४ पर्यंत तिचं उत्पादनच बंद पडलं. पण तिच्यात एक सोय होती: एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरता येई. पाश्चात्त्य वादकाला ती गंमत वाटली असेल. राग वाजवणाऱ्याला ती मींड होती. सिंगांनी नेमकं तेच पकडलं. तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड मिळालेल्या त्याच पेटीतून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा प्रकार काढला आणि नाव त्यांचं झालं. एडो बाउमन या डच संग्राहकाने २०१० मध्ये सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा सत्तरीतले सिंग युरोपात वाजवायला गेले. २०१५ मध्ये ते वारले.

मधल्या काळात ते काय करत होते? इतर कामांबरोबर, लग्नसमारंभांत आपल्या बँडसह वाजवत होते. विदेशी लेखांत हा तपशील हळहळीच्या सुरात येतो. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. कारण आपल्याकडे या यंत्राला पुढे ज्याने जगवलं, ते लग्नच.

गाड्यातल्या पोराकडे जवळून पाहा. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात कीबोर्डच्या डाव्या टोकाच्या बेंडरवर. सनईचा टोन लावलाय. गंधार दाबून बेंडर पुढे रेटला की सूर मध्यमाकडे चढतो, सोडला की परततो. बोटं आणि बेंडर यांचं गणित चुकलं तर सनईची पिपाणी होते. बेंडर किती सूर ओढेल हे तो गाण्यागणिक बदलतो. क्लॅरोनेटचा बँड असताना वाद्याच्या घडणीमुळे सगळं काळी पाच या पट्टीच्या आसपास चाले आणि गायकाला गळा ताणावा लागे. आता गायक म्हणाला, ‘भाऊ, काळी दोन कर,’ की पोरगा ट्रान्सपोजचं बटण दाबतो. बोटं मात्र पांढरी एकवरच फिरतात, कारण त्याला तेवढंच येतं. बाकीच्या अकरा पट्ट्या यंत्र सांभाळतं. शास्त्रीय गुरू यावर कपाळाला हात लावतील. शेफिल्डच्या पोरांनी मात्र याला ताबडतोब बँडमध्ये घेतलं असतं.

या पोराची बाजारपेठ एका रेल्वेमार्गावर पसरलेली आहे. सुरतेहून ताप्ती खोऱ्याची गाडी व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगाव-भुसावळला जाते. याच मार्गाने खानदेशची माणसं मागांवर आणि डाइंग मिलांत कामाला आली. वर्षातून दोन-तीनदा ती याच मार्गाने गावच्या लग्नांना परततात, आणि सुरतेतल्या लग्नाला गावाकडचा बँड सुपारी घेऊन येतो. नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. बँडची गाणीही तशीच: एक अहिराणी, एक गरबा, एक हिंदी. मधल्या डोंगरपट्टीत आदिवासी बँडांची टिमली आणि रोडाली चालते. तिथे टेम्पोच चालता मंच होतो आणि नाचणाऱ्यांची रांग रात्रभर हलते. तिथला कीबोर्डवाला सनईवर थांबत नाही. त्याच्या यंत्रात पावरीचा टोन भरलेला असतो. डांगचे कोकणा लोक भोपळा आणि शिंग जोडून जी पावरी बनवतात, तिचाच आवाज नमुना घेऊन पट्ट्यांवर वाटलेला. कंपनीने दिलेल्या टोनांत तो नव्हता. इथल्याच मंडळींनी तो घडवला, आणि आता तो पेन ड्राइव्हवरून आणि मोबाइलवरून एका बँडकडून दुसऱ्याकडे जातो, कधी फुकट, कधी पैसे मोजून.

माझ्या मते अहमदाबादच्या त्या स्टुडिओत जे शोधलं जात होतं, ते हेच. फक्त इथे त्याला प्रयोग कोणी म्हणत नाही.

पोटाचा प्रश्न वेगळाच आहे. पितळी बँडचं काम कॅसिओने कमी केलं, आता कॅसिओचं काम डीजे कमी करतोय. डीजेला ना माणसं लागतात ना तालीम; लागते ती फक्त भिंतीएवढी स्पीकरांची चवड. गाड्यावाल्यांचं उत्तर असं की डीजे नवरदेवाच्या मामाचं नाव गाण्यात घालू शकत नाही, आणि पुढची माणसं दमली की ठेका उतरवू शकत नाही. हे खरं आहे, पण सुपारी ठरवताना मुलीच्या बापाला ते पटवणं अवघड जातं. शिवाय रात्री दहानंतर भोंगा बंद करायचा नियम दोघांनाही सारखाच. म्हणून अलीकडे काही बँडवाले गाड्यावर कीबोर्डच्या शेजारी लॅपटॉपही ठेवतात: साडेनऊपर्यंत हातांनी वाजवायचं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात घरची तरुण पोरं मागतील ते लावून द्यायचं.