चार मीटरची गाडी आणि सहा माणसांचे कुटुंब

लहान एसयूव्ही म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्या गेल्या दहा-बारा वर्षांत मराठवाड्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारात मोठ्या संख्येने दिसू लागल्या आहेत. जाहिरातींत या गाड्या डोंगर चढतात, ओढे ओलांडतात आणि धुळीचे लोट उडवीत क्षितिजापार जातात. घरात आल्यावर मात्र त्यांच्या वाट्याला निराळी कामे येतात. सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचे असते, मुलांना शाळेत सोडायचे असते, लग्नसराईत आहेराची पातळे आणि ज्वारीचे पोते एकाच डिकीत बसवायचे असते.

अशी एक गाडी आमच्या घरात पाच वर्षे आहे. आम्ही उभयता आणि दोन मुले नोकरी व शाळेमुळे लातूरला; सासू-सासरे किल्लारीला. लातूरहून औसा, लामजना मार्गे किल्लारी हे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर महिन्यातून तीन-चार वेळा तरी कापावे लागते. गाडीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. पुढे जे सांगायचे आहे, ते या वर्गातील बहुतेक गाड्यांना लागू पडते.

चार मीटरची रेषा

या गाड्या लहान का, याचे उत्तर अर्थसंकल्पात सापडते. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लहान मोटार कोणती, याची व्याख्याही तेव्हाच ठरली. लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा अधिक नको आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० सीसी, डिझेलचे असल्यास १,५०० सीसीपेक्षा मोठे नको. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तरी ही रेषा पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलच्या लहान मोटारींवर १८ टक्के आणि त्यांहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर आहे. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे एवढी तफावत असल्यावर कोणताही कारखानदार गाडीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजणार, हे उघड आहे.

या अटी एकत्रित आहेत, हे ग्राहकाने लक्षात ठेवावे. मारुतीची ब्रेझ्झा २०२० मध्ये १,४६२ सीसीच्या पेट्रोल इंजिनासह आली, तेव्हा तिची लांबी चार मीटरच्या आत असूनही ती लहान मोटारींच्या करात बसली नाही. उलट आपल्याकडच्या गावागावांत दिसणारी महिंद्रा बोलेरो २०१६ मध्ये ‘पॉवर प्लस’ या रूपात पुढचे-मागचे बंपर आखडून आणि दीड लिटरच्या आतले डिझेल इंजिन घेऊन या रेषेच्या आत आली.

लांबी कापायची तर ती कोठून, हा पुढचा प्रश्न. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० ही गाडी (२०१९, बांधणी नाशिकची) मूळ सँगयाँग कंपनीच्या टिव्होलीवर बेतलेली होती. टिव्होली सुमारे ४.२ मीटर लांब, तर आपली ३,९९५ मिलिमीटर. दोन चाकांमधले अंतर तेच राहिले, म्हणजे बसणाऱ्यांच्या पायांची जागा वाचली. कात्री चालली ती मुख्यतः शेपटीवर. परिणामी डिकी उरली २५७ लिटरची. या वर्गातील इतर गाड्यांची डिकी साधारणतः सव्वातीनशे-साडेतीनशे लिटरपर्यंत जाते. एक मोठी बॅग, दोन लहान बॅगा आणि भाजीची पिशवी एवढ्यातच ती भरते. ज्वारीच्या पोत्यासाठी मागचे आसन दुमडावे लागते, आणि आसन दुमडले की माणूस कमी होतो. समोरून धिप्पाड दिसणारी गाडी मागून एकाएकी संपल्यासारखी का वाटते, याचे कारणही हेच.

उंचीचा उपयोग

तरीही लोक या गाड्या घेतात, आणि आमच्या भागात तरी ते चुकत नाहीत, असे माझे मत आहे. त्यासाठी किल्लारीची रचना समजून घ्यावी लागेल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मृत्युमुखी पडली. जुनी किल्लारी दगडमातीच्या जाड भिंतींची, दाटीवाटीची होती. तिच्या गल्ल्यांतून बैलगाडी गेली तरी पुष्कळ. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे बांधून देण्यात आली आणि गावांची आखणी काटकोनात, रुंद रस्त्यांची झाली. नवे गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरले. भाऊबंद दूर गेले, शेत दूर गेले. चार पावलांवर असलेली गोष्ट अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर गेली, की वाहन चैनीचे उरत नाही. चारचाकीला दारापर्यंत यायला रस्ता झाला, तोही याच आखणीमुळे. एक गंमत हिशेबाची : चार मीटर लांब आणि एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद गाडी सुमारे ७७ चौरस फूट जागा व्यापते. म्हणजे पुनर्वसनातल्या सर्वांत लहान घराच्या जवळपास एक तृतीयांश!

दुसरा मुद्दा मातीचा. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो आणि त्याच्या कडा तुटतात. तुळजापूर-औसा-लातूर-नांदेड हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता प्रशस्त आहे. पण महामार्ग सोडून गावाकडे वळले की पोटाखालची जागा महत्त्वाची ठरते. साध्या हॅचबॅक मोटारीत ती १६०-१७० मिलिमीटरच्या आसपास असते, लहान एसयूव्हीत १८० ते २१०. हा तीन-चार सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पाच माणसे बसल्यावर गाडी दबते आणि गतिरोधक बांधणाऱ्याने मापाचा विचार केलेला नसतो. तेव्हा या तीन-चार सेंटिमीटरांचे मोल कळते.

मात्र उंचीचा खरा लाभ ज्येष्ठांना होतो, आणि त्याविषयी विक्रेते फारसे बोलत नाहीत. हॅचबॅकमध्ये बसताना खाली वाकून अंग आत सोडावे लागते. उतरताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. जुन्या धाटणीच्या जीपगाडीत उलट पाय उचलून चढावे लागते, आणि नऊवारी नेसणाऱ्या बाईला ते संकोचाचे होते. लहान एसयूव्हीचे आसन साधारणतः उभ्या माणसाच्या कमरेच्या पातळीला येते. पाठ टेकवायची, पाय आत घ्यायचे, झाले. सासूबाईंचे लातूरला तपासणीसाठी येणे टळत असे, ते या गाडीमुळे टळेनासे झाले.

पण उंच म्हणजे कुठेही जाणारी, असा जो समज आहे तो सोडून द्यावा. या वर्गातील बहुतेक गाड्यांत इंजिनाची शक्ती फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. ऑगस्टमध्ये पाणंदीच्या चिखलात काळी माती टायरच्या खाचांत बसली की चाक गुळगुळीत होते, आणि मग पोटाखालची जागा कितीही असो, गाडी जागची हलत नाही. दोन वर्षांपूर्वी आमची गाडी अशीच शेताच्या वाटेवर रुतली. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ती ओढून काढली. सासरे म्हणाले, “बैलं असती तर ही पाळीच आली नसती.” यावर कोणाजवळही उत्तर नव्हते. शिवाय उंच गाडी वळणावर अधिक झुकते. हॅचबॅकच्या वेगाने तिला वळणावर घालू नये.

चाकांविषयी एक व्यावहारिक सूचना. महागड्या आवृत्तीत मोठी, मिश्रधातूची चाके आणि उंचीने आखूड टायर मिळतात. दिसायला देखणी; पण खड्ड्यात आपटली की चाक वाकते किंवा टायरला फुगवटा येतो. स्वस्त आवृत्तीतील लोखंडी चाके आणि उंच भिंतीचे टायर आमच्या रस्त्यांना अधिक मानवतात. धुण्याचे म्हणाल, तर ज्या शहराने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे, त्या शहरात गाडी ओल्या फडक्याने आणि एका बादलीत पुसली जाते. नळी लावून गाडी धुणारा शेजारी लातूरमध्ये अजूनही लोकांच्या नजरेत येतो.

इंधनाचा खर्च अपेक्षेहून जास्त आहे. बाराशे सीसीच्या आतल्या टर्बो पेट्रोल इंजिनावर पाच माणसे, सामान आणि मे महिन्यातली वातानुकूलन यंत्रणा असा भार पडला की लिटरमागे शहरात अकरा-बारा आणि महामार्गावर सोळाच्या आसपास किलोमीटर मिळतात. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाल्यावर अनेक कंपन्यांनी लहान डिझेल इंजिने बंद केली, त्यामुळे पर्यायही कमी झाले आहेत.

सहावा माणूस

आता मुख्य अडचण. आम्ही सहा जण. गाडीच्या नोंदणी पुस्तकात आसनक्षमता पाच, चालक धरून. मराठवाड्यात ज्यांनी काळ्या-पिवळ्या जीपने प्रवास केला आहे, त्यांना ही अडचण वाटणारच नाही. नऊ आसनांच्या जीपमध्ये पंधरा माणसे बसवून, चालकाने अर्धे अंग बाहेर काढून गाडी हाकण्याची आपल्याकडे परंपराच आहे. “सरका थोडं” या दोन शब्दांनी कोणतीही आसनक्षमता वाढते, अशी आपली श्रद्धा.

ही मागणी ओळखून महिंद्राने २०१२ मध्ये क्वांटो आणि २०१५ मध्ये टीयूव्ही ३०० या चार मीटरच्या आतल्या गाड्यांत मागे समोरासमोर बसण्याची दोन जास्तीची आसने दिली होती. सोय झाली, पण आडवे बसलेल्या माणसाला धडकेच्या वेळी पुढे तोंड करून बसलेल्यासारखे संरक्षण मिळत नाही. आणि तीच जागा हटकून मुलांना दिली जाते.

सुरक्षिततेच्या बाबतीत या वर्गातील गाड्या बऱ्याच सुधारल्या आहेत. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. असे यश मिळविणारी ती पहिली भारतीय गाडी. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली. परंतु चाचणीतले पुतळे पट्टा लावून, एका आसनावर एक असे बसविलेले असतात. मांडीवर मूल घेतलेल्या, मागे चौघे दाटून बसलेल्या कुटुंबाला ते तारे लागू होत नाहीत.

हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकेत एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागेल. तेवढी ताकद कोणत्याही आईच्या हातांत नसते. मागच्या आसनावरच्या पट्ट्याची सक्ती कायद्यात आहेच. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बाल-आसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे तपासात सांगण्यात आले. त्यानंतर काही आठवडे मागच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि थांबली.

आमच्या घरात हा विषय वादाशिवाय मिटला नाही. पाच वर्षांच्या धाकट्याला बाल-आसनात बसवताना सासूबाई म्हणत, “लेकराला असं बांधून कशाला ठेवतीस? दे माझ्याकडं.” त्यांच्या बोलण्यामागे माया होती, आणि मायेशी आकडे घेऊन भांडता येत नाही. अखेर त्यांची जागा पुढे ठरली. पुढे पाय लांब करता येतात, रस्ता दिसतो, आणि मांडीचा प्रश्नच उद्भवत नाही. बाल-आसन मागची एक जागा पूर्ण व्यापते, दुसरी थोरल्या मुलीची. उरली मधली. तेथे आमच्या गाडीत फक्त कमरेचा पट्टा आहे आणि पाठीला टेकाही अर्धवट. सासरे त्या जागेवर बसायला तयार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून ते खिडकीशी बसतात आणि मधली जागा मुलीकडे जाते. गाडी यजमान चालवतात. म्हणजे पाच झाले.

सहाव्या माणसासाठी सात आसनांची मोठी गाडी घ्यावी, असे नातेवाईक सुचवतात. ती चार मीटरच्या रेषेपलीकडची, म्हणजे ४० टक्के करातली. वर्षातून दहा-बारा फेऱ्यांसाठी तेवढा पैसा घालण्याची आमची ऐपत नाही, आणि असती तरी मी तो घातला नसता. सगळे मिळून निघायचे असते, तेव्हा एक जण लातूर बसस्थानकावरून एसटी धरतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, तेव्हा तो एक जण कोण, हे घरात विचारावे लागत नाही. लामजना पाटीच्या आसपास आमची गाडी कधीकधी बसला मागे टाकते आणि मुले खिडकीतून हात करतात.