स्वतंत्र पत्रकारितेचा आधार : तीन उदाहरणे

मालकी मोजक्या समूहांच्या हाती गेली, की वृत्तपत्रे आणि वाहिन्या संख्येने अनेक दिसतात. परंतु काय छापावे आणि काय गाळावे याचे निर्णय थोड्याच ठिकाणी होतात. यालाच माध्यमांचे केंद्रीकरण म्हणतात. अशा परिस्थितीत स्वतंत्र पत्र कशाच्या बळावर टिकते, हे कोल्हापूरशी निगडित दोन प्रसंग व एका न्यायालयीन निकालाच्या आधारे पाहू.

१. भांडवल : ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. पैसे देऊनही ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात छापली नाही, असे आंबेडकरांनी नमूद केले आहे. प्रस्थापित पत्राच्या हाती केवळ स्वतःचे मत नसते. नव्या पत्राला वाचकांपर्यंत पोहोचू द्यायचे की नाही, हेही काही अंशी त्याच्याच हाती असते. पुढे १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. आश्रयदात्याच्या मदतीने पत्राचा आरंभ होतो. ते चालू राहण्यासाठी मात्र वर्गणीदारांचा नियमित आधार लागतो.

२. पडताळणी : कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याचा आरोप करून ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हेतू चांगला असला तरी कच्चा पुरावा पत्राला संकटात टाकतो. लहान पत्राला तर दीर्घ खटल्याचा खर्चच पेलत नाही. या प्रकरणी जामीन मिळवून देण्यासाठी महात्मा फुले यांनी पुढाकार घेतला, हेही लक्षात ठेवा. मतभेद असूनही दिलेली अशी साथ हे स्वतंत्र पत्रकारितेचे एक बळच होय.

३. कायदा : मोठी पत्रे कमी किमतीत अधिक पाने देऊन लहान पत्रांना बाजारातून हटवू नयेत, म्हणून १९५६ मध्ये किंमत व पाने यांची सांगड घालणारा कायदा झाला. त्याखालील १९६० च्या आदेशाला पुण्याच्या ‘सकाळ’ने आव्हान दिले. वृत्तपत्राचा प्रसार हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून एकाला वाढू देण्यासाठी दुसऱ्याच्या प्रसारावर बंधन घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले.

निष्कर्ष : मोठ्यांची पाने व खप मर्यादित करण्याचा मार्ग या निकालाने रोखला. म्हणून लहानांना समर्थ करण्याचे मार्ग शोधावे लागतात : अनेकांची अल्प वर्गणी, जमाखर्च व मालकी यांची उघड माहिती, छपाई व वितरणाची सामायिक व्यवस्था आणि प्रसिद्धीपूर्वी पुराव्याची कसून तपासणी. बातमीची किंमत कोणीतरी मोजतच असते. ती वाचकाने मोजली नाही, तर जाहिरातदार किंवा मालक मोजतो, आणि मग पत्राची निष्ठाही तिकडेच झुकू लागते.

स्वाध्याय : आपल्या तालुक्यातील एखाद्या साप्ताहिकाचा एक अंक घ्या. त्यातील जाहिराती कोणाच्या आहेत ते नोंदवा आणि त्याच जाहिरातदारांविषयीच्या बातम्या अंकात कशा आल्या आहेत, याचे १५ ओळींत विवेचन करा.