धानाच्या मुलखातील वीज

नागपूरहून भंडाऱ्यास जाताना, मौद्यास एन.टी.पी.सी.चे 2320 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. आणि पूर्वेस, 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या पण आता गोंदियात गेलेल्या तिरोड्यास, अदानींचे 3300 मेगावॉटचे. तलावांच्या आणि धानाच्या या मुलखाच्या दोन्ही अंगांना कोळशाच्या विजेचे जे सामर्थ्य एकवटले आहे, ते कोयनेच्या संपूर्ण जलविद्युत्क्षमतेच्या जवळजवळ तिप्पट भरते. राष्ट्रीय ऊर्जाधोरण समजून घ्यावयाचे तर दिल्लीच्या दप्तरांपेक्षा हा टापू अधिक उपयोगी पडतो.

2070 पर्यंत कर्बवायूचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प भारताने 2021 साली ग्लासगो येथे जाहीर केला. आणि 2030 पर्यंत देशाची निम्मी वीजक्षमता कोळसा, तेल व वायू यांवाचून असावी हे उद्दिष्ट तर 2025 सालीच साध्य झाले. आनंदाची गोष्ट खरीच. परंतु क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सौरसंच रात्री निद्रिस्त असतो, पावसाळ्यात मंदावतो, आणि वर्षाच्या सरासरीने आपल्या क्षमतेच्या पंचमांशाच्या आसपासच काम देतो. त्यामुळे प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा आजही कोळशाचाच आहे. सरकार मेगावॉट मोजते आणि शेतकरी तास मोजतो. या बाबतीत मला शेतकऱ्याचे माप अधिक शास्त्रशुद्ध वाटते.

कृषिपंपांना वीज पाळीने मिळते, आणि रात्रीची पाळी आली की उन्हाळी धानास पाणी देण्यासाठी साप, रानडुकरे व बिबटे यांच्या भयात बांधावर जावे लागते. दिवसा वीज द्या, ही मागणी त्यामुळेच इतकी जुनी आणि इतकी न्याय्य आहे. 2017 साली सुरू झालेल्या आणि 2023 साली नव्याने विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौरप्रकल्प उभारून ती वीज शेतीच्या वाहिनीस द्यावयाची असते. सूर्य आणि सिंचन यांची वेळ येथे एकच असल्याने साठवणुकीचा प्रश्न बराचसा टळतो. कर्बमुक्त विजेचा खरा ग्राहक, माझ्या मते, गच्चीवर सौरसंच बसविणाऱ्या शहरी घरमालकाआधी हा धानउत्पादक होय.

अडचण सायंकाळची आहे. सूर्य मावळताच घरोघरी दिवे, पंखे आणि दूरदर्शनसंच सुरू होतात, आणि दुपारी धिम्या चालविलेल्या औष्णिक संचांना पुन्हा वेग द्यावा लागतो. ज्या प्रदेशात कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले मालगुजारी तलाव पावसाचे पाणी कोरड्या दिवसांसाठी राखत आले, त्या प्रदेशास साठवणुकीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मात्र विजेचा असा तलाव बांधणे महाग पडते. एक उपाय विद्युत्घटांचा, दुसरा सह्याद्रीतील घाटघरसारखा, जेथे स्वस्त विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवून मागणीच्या वेळी खाली सोडतात. पण घाटघरची क्षमता अवघी 250 मेगावॉट आहे, आणि वैनगंगेच्या या सपाट खोऱ्यात तसा कडा नाही.

औष्णिक केंद्रांच्या धुराची चर्चा पुष्कळ होते, पाण्याची फारशी होत नाही. एका युनिटामागे साडेतीन लिटर पाणी, ही केंद्र शासनाने 2015 साली घातलेली मर्यादा धरली, तरी पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या मौद्याच्या केंद्रास दिवसाला एकोणीस कोटी लिटरांहून अधिक पाणी लागेल. हे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातील. आणि ज्या धरणाची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसविली गेली, ज्याच्यासाठी पवनी परिसरातील गावे उठली, त्याचे प्रमुख प्रयोजन सिंचन हेच होते. मौद्याचे शेवटचे संच 2017 च्या सुमारास सुरू झाले, म्हणजे पंचवीस वर्षांच्या हिशेबाने ते 2042 पर्यंत तरी चालतील. ते बंद होतील तेव्हा कामगारांचे पुनर्वसन कसे करावे याबरोबरच मोकळे होणारे पाणी कोणाच्या नावे चढवावयाचे हाही प्रश्न उभा राहील. तेव्हा ते दुसऱ्या कारखान्यास न देता कालव्यांकडे वळविले जाईल, अशी स्पष्ट तरतूद जलसंपदा खात्याने आजच कागदावर आणली पाहिजे.