खोकल्याची दखल

खोकला हा मुळात श्वासमार्गात शिरलेली धूळ, धूर वा साचलेला कफ बाहेर लोटण्यासाठी शरीराने केलेली तजवीज होय. दीर्घ श्वास आत घेतला जातो, कंठद्वार क्षणभर मिटते, छातीपोटाचे स्नायू आवळतात आणि द्वार उघडताच कोंडलेली हवा सवेग बाहेर पडते.

पडशापाठोपाठचा खोकला बहुधा ३ आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतो, आणि तो विषाणुजन्य असल्याने प्रतिजैविकांचा त्यावर काही उपयोग नसतो. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या व चमचाभर मध यांनी घशाला आराम पडतो, मात्र १ वर्षाखालील बालकास मध सर्वथा वर्ज्य.

परंतु पहाटे उबळ येऊन छातीत सूं सूं वाजत असेल तर दम्याची, जेवून आडवे होताच ठसका लागत असेल तर जठरातील आम्ल वर येत असल्याची शंका घ्यावी. रक्तदाबावरील एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनीही कोरडा खोकला जडतो, पण गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

खोकला २ आठवडे टिकला, सायंकाळी बारीक ताप येऊ लागला वा वजन घटले, तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करून घ्यावी; क्षयाची तपासणी व औषधे तेथे मोफत मिळतात. थुंकीत रक्त दिसल्यास किंवा धाप लागल्यास मात्र एक दिवसाचीही हयगय करू नये.